उत्तरपूजा राहिली आहे

८ सप्टेंबर, सोमवार

सात तारीख काल रविवारी आली, म्हणून पगार आज होईल असे सगळे धरून होते. झाला नाही. जेवणाच्या सुट्टीत मी केबिनमध्ये गेलो. मला बघून किशोरने फोन ठेवला आणि म्हणाला, "धोंड्या, पितृपक्ष लागला रे. या पंधरवड्यात लक्ष्मी बाहेर काढायची नाही, अशी आमच्या घरची रीत. घट बसले की त्याच दिवशी देतो. खाली तूच सांग, तुझं ऐकतात."

पितृपक्षात नवी खरेदी करत नाहीत हे मला माहीत आहे. केलेल्या कामाचे पैसेही देत नाहीत हे कधी ऐकले नव्हते. पण प्रत्येक घराचे वेगळे असते. मी खाली येऊन सांगितले.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमची शेड लहान आहे. विजेच्या पॅनेलसाठी पत्र्याचे डबे करतो. प्रेस, कटिंग, ड्रिल, कडा घासायचे टेबल आणि पॅकिंग, मिळून बारा माणसे. किशोर मालक. पण तो आणि मी सातपूरच्या एका कंपनीत शेजारशेजारच्या प्रेसवर उभे राहून काम शिकलो. त्याचा डबा नसे तेव्हा माझ्यातल्या भाकरीचे दोन भाग व्हायचे. पुढे त्याने स्वतःची शेड टाकली आणि पहिला माणूस म्हणून मला बोलावले. चारचौघांत मी त्याला शेठ म्हणतो. दोघेच असलो की किशोर.

माझे ऐकून कडा घासणाऱ्या नवसाबाई म्हणाल्या, "पितरांना बी पगार लागतो का भाऊ? मंग आमच्या सासऱ्याचं नाव घाला हजेरीत. जित्तेपणी कदी कामाला गेला नाय."

सगळे हसले. मीही हसलो. विषय तिथेच राहिला.

११ सप्टेंबर, गुरुवार

हिने गुरुवारचा उपवास धरला आहे. सोमवार होताच. आमच्या निकिताची लग्नानंतरची ही पहिली दिवाळी, जावईबापू दिवाळसणाला येणार. लेकीचा संसार सुखाचा व्हावा म्हणून धरला असेल. व्रताबद्दल फार विचारू नये, म्हणून विचारले नाही. मी देवापुढे तासभर बसून जे साधू पाहतो ते ही चुलीपुढे उभ्या उभ्या साधते.

जावयाला कपडे आणि एखादी चांदीची वस्तू, लेकीला साडी, त्यांच्याकडच्या मंडळींना फराळाचे डबे. एवढे तरी व्हायला हवे. सगळे पगारावरच आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

प्रेसवरचा लखन सुरगाण्याकडचा. गावी पितर घालून आज परत आला. जीपमध्ये टपावर बसून आला म्हणे, केसांत अजून धूळ होती. हातपाय धुवायच्या आधीच म्हणाला, "काका, येताना मी कामगार कार्यालयात जाऊन इचारून आलो. सात तारखेच्या आत पगार द्यायचा, असा कायदा हाय. पितृपक्ष असो का अधिक महिना असो."

पॅकिंगवरची मीना म्हणाली, "आणि ग्रहण असलं तर?"

"ग्रहणाचं काय लिवलेलं नाय."

"मग?"

"मग म्हंजे सूट नाय."

अर्ज करायचा असे त्याचे म्हणणे. सगळे सही करतील, पण पहिली सही माझी हवी. मी सांगितले, "घरातलं भांडण चावडीवर नेऊ नये."

नवसाबाईंनी हातातली कानस टेबलावर ठेवली. "घर असतं भाऊ, तर जेवायला वाढलं असतं."

मी ड्रिलकडे गेलो आणि उगाच एक डबा पुन्हा मोजून पाहिला. किशोर अडचणीत असेल. अडचणीत असलेल्या माणसावर अर्ज करायचा म्हणजे आजाऱ्याच्या अंगावरचे पांघरूण ओढण्यासारखे. पण नवसाबाईही खोटे बोलल्या नाहीत. दोन्ही गोष्टी डोक्यात घेऊन घरी आलो.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

आज घट बसले. पगार झाला नाही. किशोर म्हणाला, "दसऱ्याला बघ, सोनं वाटतो."

दुपारी दोन अनोळखी माणसे टेप घेऊन शेडचा मागचा रिकामा कोपरा मोजत होती. फरशीवर खडूने चौकोन आखला. मी किशोरला विचारले तर म्हणाला, "बघू रे पुढे." त्या कोपऱ्यात लहानसे मंदिर बांधावे असे मी त्याला दोन वर्षांमागे सुचवले होते. त्याच्या लक्षात राहिले म्हणायचे. स्वतःची तंगी असताना देवाचे सुचते, हा त्याचा स्वभाव पहिल्यापासून आहे.

निघताना त्याने मला बाजूला घेतले आणि पाच हजार खिशात घातले. "तुझ्यापुरते. खाली बोलू नको." मी नको म्हणालो, पण फार जोराने म्हणालो नाही. पैसे हिच्या हातात दिले. ती म्हणाली, "बाकीच्यांना?" मी म्हणालो, "माहीत नाही."

२३ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी शर्ट घातला तर पाच हजार पुन्हा खिशात. विसरून राहिले असतील म्हणून हिला द्यायला गेलो. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "ज्यांचे आहेत त्यांना द्या."

मी ते किशोरच्या टेबलावर ठेवले. त्याला राग आला. "वहिनींना सांग, तुमचा दीर अजून मेलेला नाही."

संध्याकाळी ते हिला सांगितले. ही एवढेच म्हणाली, "जिवंत दिराला कळायला पाहिजे मग."

हिने आता शनिवारही धरला आहे. अशी भक्ती माझ्या हातून होणार नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

वर्षातला माझा सगळ्यात आवडता दिवस. सकाळपासून शेड धुतली. मशीनचे तेल पुसून काढले. प्रत्येक मशीनला झेंडूची माळ, हळदीकुंकू. मधोमध पाटावर कलश, त्याच्यापुढे हत्यारे. लखनचे पाने, मीनाची कात्री, नवसाबाईंच्या तीन कानशी. त्यांतली एक इतकी झिजली आहे की तिने आता काही घासले जात नाही, पण नवसाबाई ती दरवर्षी पूजेला मांडतात. म्हणतात, "म्हातारी झाली म्हणून सासूला लग्नात बोलवायचं नाय का?"

पूजा दरवर्षी मीच करतो. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, संस्कृत येत नाही. वडील घोटीजवळच्या आमच्या गावात खळ्याची पूजा करताना साध्या भाषेत बोलत, तसाच बोलतो. आजही मोठ्याने म्हणालो, "आई, ज्यांचे हात या हत्यारांवर राबतात त्यांच्या ताटात अन्न असू दे."

किशोर सपत्नीक आला होता. सगळ्यांत जास्त वेळ डोळे त्याने मिटले होते. त्याने पेढ्यांचे बॉक्स वाटले. पगाराची पाकिटे नव्हती. "शुक्रवारी बोलू," म्हणाला आणि गेला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज जे झाले ते मला नीट मांडता येईल की नाही ठाऊक नाही.

खंडेनवमीला बसवलेले देव दसरा झाला की उठवायचे. उत्तरपूजा म्हणजे एवढेच, की अक्षता टाकायच्या, कलश जरा सरकवायचा, "पुन्हा या" म्हणायचे आणि मशीनचा खटका दाबायचा. तोपर्यंत हत्याराला हात लावत नाहीत. सातपूरला एकाने खंडेनवमीच्या दिवशीच घाईच्या मालासाठी प्रेस चालवली आणि त्याची दोन बोटे गेली. किशोर आणि मी दोघेही तिथे होतो. किशोरने त्याच्या हाताला आपला शर्ट गुंडाळला होता.

मी आंघोळ करून, अक्षता घेऊन पाटासमोर बसलो. सगळे मागे उभे. तेवढ्यात नवसाबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, एक इचारू? पाहुणा घरी आला, त्याच्याकडं काय मागितलं, त्यानं ऐकून घेतलं. त्याचं उत्तर यायच्या आधी त्याला निरोप देतात का?"

"म्हणजे?"

"तुमी आईला म्हणले, यांच्या ताटात अन्न असू दे. आलं का ताटात?"

माझा हात तसाच राहिला. मला खळे आठवले. भाताची रास पुजली की वडील आधी मजुरांची मापे घालायचे आणि मग घरची पोती भरायचे. एका साली पाऊस येईल म्हणून काका घाई करत होते. वडील म्हणाले, माप झाल्याशिवाय रास उचलली तर देव अर्ध्या पंगतीतून उठवल्यासारखा होतो.

मी अक्षता वाटीत परत ठेवल्या. खरेच सांगतो, काही ठरवून नाही. मनच होईना. मी म्हणालो, "आज राहू द्या."

मीनाने झाडू घेतला. लखनने पत्र्याचे भंगार निवडायला घेतले. नवसाबाई भिंतीला पाठ लावून बसल्या आणि त्यांनी समाधानाने डोळे मिटले. दमल्या असतील.

दुपारी किशोर आला. "मशीन बंद का?"

"उत्तरपूजा राहिली आहे."

"मग कर ना."

"मन होत नाही, शेठ."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग पाटाकडे. दोन पावले पुढे आला, वाटीकडे हात नेला आणि थांबला. आपल्याच बोटांकडे बघितले. मग हात खिशात घालून केबिनमध्ये गेला.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागरी

सगळे वेळेवर येतात, हजेरी लावतात. झाडलोट, जाळी काढणे, स्टोअर लावणे. शेड इतकी स्वच्छ कधी नव्हती. मशीन पुजलेली आहेत तशी आहेत. झेंडू सुकायला लागले म्हणून लखनने जाऊन ताजे आणले, आपल्या पैशाने.

सकाळी किशोर एका गुरुजींना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आला. तरुण होते, घाईत होते. "पूजा कोणी मांडली?"

मी म्हणालो, "मी."

"मग आपणच उठवायला हवी. मला करायची तर आपली अनुज्ञा लागेल."

मी म्हणालो, "गुरुजी, देवीकडे काही मागितलं आहे. ते अजून व्हायचं आहे."

"काय मागितलं आहे?"

माझ्याआधी नवसाबाईच बोलल्या, "ऑगस्टचा पगार."

गुरुजींनी किशोरकडे पाहिले. मग पंचा सावरून म्हणाले, "असं आहे शेठ, संकल्प अपुरा असताना मी मध्ये पडणं बरं नाही." मीनाने त्यांना चहा दिला. चहा पिताना त्यांनी तिला हळूच विचारले, "आमची दक्षिणा तरी आजच्या आज मिळेल ना?"

"सांगता येत नाय गुरुजी," मीना म्हणाली. "आमच्या मागे नंबर लावा."

किशोरला हसू आले होते. त्याने खोकल्यासारखे केले, पण मी त्याला पंचवीस वर्षे ओळखतो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज पुन्हा सात तारीख. आता सप्टेंबरचाही पगार बाकी झाला.

जेवणाच्या सुट्टीत नवसाबाई नुसतेच पाणी पीत होत्या. मी विचारले, "उपवास का?"

"व्हय."

"मंगळवार म्हणजे गणपतीचा?"

"किशोरशेठचा."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, तुमी देवाचं लय करता, पण भोळे हाय. बाईमाणसाचे उपवास वाढले की समजायचं, डबा तळाला गेला. एकीनं नाय खाल्लं की घरातल्यांचं दोन दिस जास्त चालतं. देवाचं नाव घेतलं की कोणी इचारत बी नाय."

मी डबा उघडला होता. तीन भाकरी, भाजी, वर लोणचे. रोज तीनच असतात. एकही कमी झाली नव्हती. मी तो नवसाबाईंपुढे सरकवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

घरी आल्यावर हिला विचारले, "तुझा गुरुवार कोणाचा?"

"दत्ताचा."

"शनिवार?"

"मारुतीचा. आज काय परीक्षा आहे का?"

"आणि खरं?"

ती भांडी विसळत होती ती थांबली. "खरंच देवाचा आहे. खोटा उपवास मी करत नाही. फळ तेवढं दुसरं मागितलं."

"कोणतं?"

"तुमचा पगार."

ती पदराला हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली. "सही का नाही करत?"

"किशोर आहे ना गं समोर."

"मग मी काय त्यांचं वाईट चिंतते? तुमच्या डब्यात जास्तीची भाकरी कोण घालत होतं तेव्हा? भाकरी देणाऱ्याने आपली भाकरी मागू नये असं कुठं लिहिलं आहे?"

मी शेगडीवर भात टाकला आणि दोघांना वाढून घेतले. आज ती माझ्याबरोबर जेवली. मीठ कमी पडले होते, बोलली नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

लखन, मीना आणि मी कामगार कार्यालयात गेलो. पहिली सही माझी. धोंडीराम लिहिताना अनुस्वार कुठल्या कुठे पडला.

तिथले साहेब केस पिकलेले, शांत होते. म्हणाले, "मालकाचं बिल अडकलं असेल, बँकेचा हप्ता असेल, ते त्याचं कारण. पगाराची तारीख त्यामुळे पुढे सरकत नाही. तुम्ही पैसे मागताय ते तुमचेच आहेत, उपकार मागत नाही. मागितले म्हणून तुम्हाला कामावरूनही काढता येत नाही." मग विचारले, "काम बंद केलं आहे का?"

"नाही साहेब. रोज वेळेवर जातो. फक्त उत्तरपूजा राहिली आहे."

"कसली?"

मी सगळे सांगितले. बोटांचे, खळ्याचे, गुरुजींचे. साहेबांनी पेनला टोपण लावले. लखन छताच्या पंख्याकडे बघत होता. शेवटी साहेब म्हणाले, "काका, पूजेचं मी ऐकलं नाही असं समजा. अर्जात ते लिहू नका."

का लिहू नये ते कळले नाही. त्यात चोरून ठेवण्यासारखे काय आहे?

परत येताना मी विचारले, "लखन, हे नवसाबाईंच्या डोक्यात आधीपासून होतं का रे?"

"कुठलं, काका?"

"काही नाही," मी म्हणालो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नोटीस हातात पडायच्या आधी किशोरला माझ्या तोंडून कळायला हवे होते. सकाळीच केबिनमध्ये गेलो. "मी अर्ज केला आहे. पहिली सही माझी आहे."

तो उठून उभा राहिला. "तू? धोंड्या, तू?"

"हो."

"आणि खाली जे चाललंय तो संप आहे, कळतंय का तुला?"

"छे. संपात घोषणा असतात."

तो मटकन बसला. हसावे की ओरडावे ते त्याचे ठरेना. मग टेबलाच्या खणातून त्याने एक रंगीत कागद काढून माझ्यापुढे टाकला. पत्रा वाकवायच्या नव्या मशीनचा फोटो. मागच्या कोपऱ्यातला खडूचा चौकोन तिच्यासाठी होता. ऑगस्टच्या शेवटी एका गिऱ्हाईकाकडून मोठी रक्कम आली होती, ती त्याने बुकिंगला भरली. "पुण्याच्या कंपनीने माझे पाच महिन्यांचे पैसे दाबून ठेवलेत. तगादा लावला तर ऑर्डर बंद करतील. ही मशीन आली की दुसरी गिऱ्हाइकं मिळतील. तुमच्यासाठीच घेतली ना मी?"

"ऑगस्टच्या शेवटी?"

"हो."

"म्हणजे सात तारखेला पैसे नव्हतेच. मग पितृपक्ष?"

त्याने खिडकीकडे मान वळवली. खिडकीतून खालची मशीन, माळा, पाट सगळे दिसत होते.

पैशाचे मला फारसे लागले नाही. पैसा कोणाचाही इकडेतिकडे होतो. पितृपक्षाचे लागले. मी खाली जाऊन सगळ्यांना सांगितले होते, त्यांच्या तोंडावर, देवाचे नाव घेऊन. मी त्याला म्हणालो, "तंगी आहे असं सांगितलं असतंस तर तेही मी खाली सांगितलं असतं. लोकांनी शिव्या दिल्या असत्या. तुला आणि मलाही. चाललं असतं रे."

त्याने चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. मी उठलो. दारापर्यंत पोचलो तेव्हा म्हणाला, "चहा नाही घेणार?"

परत बसलो. चहा घेतला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मशीनचे बुकिंग त्याने रद्द केले. त्यात त्याचे थोडे पैसे बुडाले. कार्यालयातून बोलावणे आले होते, त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून एकटाच गेला. तिथे काय झाले ते विचारले नाही.

आज दुपारी ऑगस्टचा पूर्ण पगार आणि सप्टेंबरचा निम्मा झाला. दरवर्षी दिवाळीचे पाकीट तो आधी माझ्या हातात द्यायचा. आज वर बघितले, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नवसाबाई, या."

नवसाबाईंनी पैसे मोजले. पुन्हा मोजले. किशोर म्हणाला, "बरोबर आहेत ना?"

"बरोबर हायत शेठ. भेट लय दिसांनी झाली ना, तोंडं ओळखून घेत व्हते."

मग मी आंघोळ केली, शेडमधल्याच नळावर, कारण सकाळची आंघोळ मला पुरेशी वाटेना. पाटासमोर बसलो. किशोर माझ्या शेजारी मांडी घालून बसला, त्या पँटमध्ये त्याला बसवत नव्हते तरी. मी अक्षता टाकल्या, कलश सरकवला. त्याने हात जोडून मोठ्याने म्हटले, "आई, मला माफ कर." देवीकडे तोंड होते, पण सगळ्यांनी ऐकले.

प्रेसचा पहिला ठोका पडला तेव्हा मीना दचकली. इतक्या दिवसांत सवय गेली होती.

जाताना त्याने विचारले, "अर्ज मागे घेतोस ना आता?"

"निम्मा सप्टेंबर राहिला आहे."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. पण अर्जावर माझी एकट्याची सही नाही." आणखी एक मनात आले तेही बोललो, "पुढच्या महिन्याची सात तारीख पंचांगात बघू नको."

त्याला लागले असणार. मलाही लागले. रात्रीच्या जपात लक्ष लागले नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

निकिता आणि जावईबापू परवापासून आले आहेत. चांदीची वस्तू झाली नाही. कपडे झाले, साडी झाली, फराळ झाला. मी जावईबापूंना तसे स्पष्ट सांगितले, तर म्हणाले, "बाबा, आमच्या कंपनीत पण दोन महिने पगार झालेला नाही. तुम्ही कपडे घेतले तेच मला जड जातंय." मग निकिताने मला लखनचा नंबर त्यांना द्यायला लावला. मुलगी आईवर गेली आहे.

दर पाडव्याला सकाळी किशोर फराळाला येतो. शेड टाकल्यापासून एकही चुकलेला नाही. यंदा नऊ वाजले, दहा वाजले. ही दोनदा दारात जाऊन आली. मी म्हणालो, "नाही यायचा तो." ही म्हणाली, "ताट मांडून ठेवलंय. झाकलेलं आहे. राहू द्या."

अकराला आला. एकटा. चप्पल काढताना उगाच वेळ लावला. ही पुढे झाली, "या भावजी. उशीर केलात, चिवडा मऊ पडला असता."

"वहिनी, मला वाटलं तुम्ही वाढणार नाही."

"भांडण पगाराचं होतं. करंज्यांचं नव्हतं."

तो जेवायला बसला. पहिल्या करंजीनंतर रंगात आला, जावईबापूंना आमच्या सातपूरच्या गोष्टी सांगायला लागला. कशी एकदा मी प्रेसवर उभ्या उभ्या झोपलो आणि साहेबाला वाटले जप चालला आहे. निकिता हसून लोळली. ही गोष्ट मला स्वतःला मात्र अजून मान्य नाही.

मंडळी आत गेल्यावर आम्ही दोघेच ओट्यावर बसलो. बराच वेळ तो चकलीचे तुकडे करत होता, खात नव्हता. मग म्हणाला, "धोंड्या, एक सांग. पहिली सही करताना भीती नाही वाटली?"

"वाटली की. नाव चुकलं."

"काय वाटलं? मी काढून टाकीन असं?"

"नाही. तू बोलणार नाहीस असं."

त्याने मान हलवली. रस्त्यावर पोरे फटाके लावत होती. तो तिकडे बघत म्हणाला, "लहान कारखान्याचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यायचे असा आमच्यासाठी पण कायदा आहे. मला तीन वर्षांपासून माहीत आहे. त्या पुण्यावाल्यांवर अर्ज करायचा म्हटलं की कागद पुन्हा खणात ठेवतो. ऑर्डर बंद केल्या तर? बोलणं टाकलं तर?"

हे सगळे मला तोंडपाठ होते.

"कसं बोलायचं असतं रे तिथे?" त्याने विचारले.

"सरळ. आणि पूजेचं सांगायचं नाही."

तो मोठ्याने हसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या भाऊबीज. सोमवारी कचेऱ्या उघडतील. येशील बरोबर?"

"तुझी सही तूच करायची."

"करतो. तू नुसता शेजारी उभा राहा."

मी हो म्हणालो. सोमवारची माझी हजेरी मात्र लावायला सांगितली आहे.